कॉर्कचे खापरपणजोबा: आधी गाव, मग नाव

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर कळेल. तुमच्या आजीचे आजोबा आयरिश होते. ब्रिटिश पलटणीतून पुण्याच्या कॅम्पात आले, पलटण सुटल्यावर जी.आय.पी. रेल्वेत लागले आणि इथेच राहिले. जन्म १८५३च्या आसपास, आडनाव मर्फी, धर्म कॅथलिक. गावाबद्दल घरात एकच शब्द उरलाय, 'कॉर्क'. तुम्हाला त्यांचा आयर्लंडमधला जन्मदाखला हवा आहे, आणि कुणीतरी सांगितलंय की तिकडचं सगळं दप्तर १९२२ साली जळालं, आता हात टेकायचे.

हात टेकायची वेळ आलेली नाही. पण तुम्ही जो दाखला मागताय तो मात्र मिळणार नाही, आणि त्याचा आगीशी काही संबंध नाही. आयर्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. १८५३ साली जन्मलेल्या मुलाचा सरकारी दाखला कधी लिहिलाच गेला नाही. त्यांच्यासाठी जो कागद असू शकतो तो म्हणजे चर्चच्या वहीतली बाप्तिस्म्याची एक ओळ. ती ओळ शिल्लक असण्याची शक्यता बरीच चांगली आहे. अडचण ती ओळ ओळखण्यात आहे.

मी मूळची मिरजेची, गेली २२ वर्षं आयर्लंडमध्ये आहे. सासऱ्यांच्या घराण्याचा शोध घेता घेता या कामात पडले आणि मग तेच काम झालं. भारतातून असे प्रश्न मला नेहमी येतात, बहुतेक पुणे, देवळाली, इगतपुरी, भुसावळ या बाजूच्या कुटुंबांकडून, आणि त्याला कारण आहे. १८३० साली ब्रिटिश सैन्यातले चाळीस टक्क्यांहून जास्त शिपाई आयरिश होते. पुढे ते प्रमाण उतरलं, तरी शतकभर आयरिश पोरं भारतात येत राहिली. पुण्यातल्या सेंट पॅट्रिक चर्चचं नाव आयर्लंडच्या संतावरून आलं, ते उगीच नाही.

आता खरी अडचण. मर्फी हे आयर्लंडमधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आहे आणि कॉर्क हा त्याचा बालेकिल्ला. त्यात पहिली नावं मोजकीच: जॉन, पॅट्रिक, मायकल, जेम्स, विल्यम, टिमथी, डेनिस, झालं. एकेका पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, पाच वर्षांत एकाच नावाची तीन-चार मुलं सहज भेटतात. वडिलांचं नावही बऱ्याचदा तेच. तुम्ही आज एखाद्या संकेतस्थळावर नाव, आडनाव आणि १८५३ टाकलंत, तर नोंदी भरपूर येतील आणि त्यातली एक तुम्हाला 'हीच असावी' असं वाटेल. या कामात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. म्हणून माझा हट्ट असा की आधी गाव शोधायचं, मग नाव. आणि गाव शोधायला आयर्लंडमध्ये नाही, भारतात सुरुवात करायची.

तरी आगीचं सांगते, कारण ती भीती मनातून गेल्याशिवाय पुढचं नीट ऐकू येत नाही. डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीच्या आवारात सरकारी अभिलेखागार होतं. आयर्लंडच्या यादवी युद्धाच्या सुरुवातीला, ३० जून १९२२ रोजी तिथे प्रचंड स्फोट झाला आणि आग लागली. जळके कागद शहरभर उडत होते. त्यात १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या जनगणनांची जवळजवळ सगळी पत्रकं गेली, मृत्युपत्रं गेली, आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या सुमारे हजार पॅरिशच्या वह्या गेल्या. पुढच्या चार जनगणना मात्र त्या आगीत गेल्याच नाहीत. १८६१ आणि १८७१ची पत्रकं सरकारनेच नष्ट केली होती, १८८१ आणि १८९१ची पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्याला गेली. मला या चार जनगणनांचं दुःख आगीपेक्षा जास्त होतं, कारण ते कुणीही टाळू शकलं असतं.

कॅथलिक चर्चच्या वह्या त्या इमारतीत कधी नव्हत्याच. त्या गावोगावच्या पाद्र्यांकडे होत्या, म्हणून वाचल्या. सरकारी जन्म, विवाह, मृत्यूची दप्तरंही तिथे नव्हती, तीही शाबूत आहेत. म्हणजे तुमचे पूर्वज कॅथलिक असतील तर १९२२चा फटका तुम्हाला मुख्यतः जनगणनेपुरता बसलाय. ते चर्च ऑफ आयर्लंडचे असते तर माझं उत्तर वेगळं असतं. तेव्हा पॅरिशचं नाव कळल्यावर पहिला प्रश्न हाच येतो की त्या पॅरिशची वही डब्लिनला गेली होती की गावातच राहिली होती.

सरकारी नोंदींच्या तारखा एकदाच लक्षात ठेवा. कॅथलिक सोडून इतरांचे विवाह १ एप्रिल १८४५ पासून नोंदले गेले. जन्म, मृत्यू आणि सगळ्यांचे विवाह १ जानेवारी १८६४ पासून. शंभर वर्षांहून जुने जन्म, पंच्याहत्तर वर्षांहून जुने विवाह आणि पन्नास वर्षांहून जुने मृत्यू 'आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई' या सरकारी संकेतस्थळावर मूळ पानाच्या प्रतिमेसकट फुकट बघता येतात. उत्तर आयर्लंडची नोंदणी १९२२ पासून वेगळी झाली. तिथल्या सहा परगण्यांसाठी बेलफास्टच्या कार्यालयाचं स्वतंत्र संकेतस्थळ आहे, त्याला पैसे पडतात. तुम्हाला कॉर्कसाठी ते लागणार नाही.

आता भारताकडे वळू. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, विवाह आणि दफनं यांच्या नकला दरवर्षी लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. बंगालची मालिका एन/१, मद्रासची एन/२, मुंबईची एन/३. मुंबईच्या नोंदी १७०९ पासूनच्या आहेत. त्यांच्या प्रतिमा फाइंडमायपास्ट या वंशशोधाच्या संकेतस्थळावर पैसे भरून दिसतात. नुसती सूची फॅमिलीसर्च आणि फिबिस या ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येते.

तुम्हाला या ढिगातून पहिल्यांदा हवी ती त्यांच्या लग्नाची नोंद. बाप्तिस्म्याच्या आधी लग्न का, तर मुंबई इलाख्यातल्या विवाहाच्या छापील तक्त्यात वर-वधूचं वय, ते अविवाहित की विधुर, हुद्दा किंवा धंदा, राहण्याचं ठिकाण यांच्याबरोबर एक रकाना वडिलांच्या नावाचा असतो. तुमच्याकडे आज खापरपणजोबांच्या वडिलांचं नाव नाही. ते मिळालं की मर्फींची गर्दी एका फटक्यात विरळ होते. हुद्द्याच्या रकान्यात पलटणीचं नाव असेल तर सोन्याहून पिवळं. एक गोष्ट मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. सगळ्याच कॅथलिक पाद्र्यांनी नकला नेमाने पाठवल्या नाहीत. लंडनच्या नकलेत लग्न नसेल तर ते झालंच नाही असं समजू नका. मूळ वही ज्या चर्चमध्ये लग्न झालं तिथे असते. पुणे कॅम्प, खडकी आणि रेल्वेच्या गावांतली चर्चं यांना पत्र लिहा, शक्य असेल तर स्वतः जा, आणि फक्त लग्न न विचारता मुलांचे बाप्तिस्मेही विचारा. कॅथलिक नोंदीत आईचं माहेरचं आडनाव पुष्कळदा असतं.

कब्रस्तानही बघून या. दफनाच्या नोंदीत जन्मगाव नसतं, पण आयरिश माणसाच्या थडग्यावर 'नेटिव्ह ऑफ काउंटी कॉर्क' असं कोरलेलं आणि कधी त्याच्या आधी गावाचंही नाव असलेलं मी पाहिलंय. दगडावरचं नाव फिकट झालं असेल तर सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना फोटो घ्या. दुपारी काही दिसत नाही.

पलटणीचे कागद ही दुसरी वाट, आणि गावाच्या दृष्टीने जास्त मोलाची. लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ९७ नावाची मालिका आहे. शिपाई सेवेतून सुटताना तयार झालेले कागद त्यात आहेत, १७६० ते १९१३ पर्यंतचे. १८८३ च्या आधी त्यात बहुतेक पेन्शन मिळालेलेच शिपाई सापडतात, १८८३ नंतर सुटलेले जवळजवळ सगळे. तुमचे खापरपणजोबा १८७२-७३ च्या सुमाराला अठरा-एकोणीसचे असताना भरती झाले असतील आणि बारा वर्षं भरून सुटले असतील, तर ते १८८३ नंतर सुटलेल्यांत पडतात आणि कागद असण्याची आशा चांगली आहे. मधेच सुटका विकत घेऊन रेल्वेत गेले असतील तर या मालिकेत ते बहुधा नसतील. मग पलटणीच्या हजेरीपटांकडे वळायचं, तेही क्यूमध्येच आहेत. त्यांत पलटण सोडून गेलेल्यांच्या याद्यांमध्ये जन्मस्थान आणि मूळ धंदा लिहिलेला सापडतो. पण त्यासाठी पलटण माहीत हवी, म्हणून पुन्हा लग्नाची नोंद आधी.

भरतीच्या कागदावरची एक ओळ तुम्हाला दाखवायची आहे, कारण सगळा शोध त्या ओळीवर येऊन थांबतो. छापील वाक्यात तीन रिकाम्या जागा असतात: जन्म अमुक पॅरिशमध्ये, अमुक शहरात किंवा त्याच्या जवळ, अमुक परगण्यात. भरती करणारा कारकून शिपायाला विचारायचा, शिपाई आपल्या उच्चारात सांगायचा, कारकून कानाला लागेल तसं लिहायचा. समजा तुम्हाला 'पॅरिश किलवर्थ, शहर फर्मॉय, परगणा कॉर्क' मिळालं. फर्मॉय ही ब्रिटिशांची मोठी छावणी, तिथे आसपासच्या खेड्यांतली पोरं भरती व्हायची. या तीन जागांतला तुमच्या कामाचा शब्द किलवर्थ आहे. फर्मॉय म्हणजे फक्त जवळचं बाजाराचं गाव.

यावरून घरातल्या 'कॉर्क' या शब्दाचंही समजेल. कॉर्क शहर आहे, कॉर्क परगणाही आहे, आणि तो आयर्लंडमधला आकाराने सगळ्यात मोठा परगणा. शंभर वर्षं घरात टिकलेला 'कॉर्क' यातलं काहीही असू शकतो. शेजारच्या परगण्यातला मुलगाही कॉर्कमध्ये भरती झाला, कॉर्कच्या बंदरातून गेला, आणि मुलांना 'कॉर्कहून आलो' एवढंच म्हणाला, असं होतं. माझ्या पाहण्यात घरातली आठवण सहसा पूर्ण खोटी नसते, पण तिच्यातला नेमका कोणता भाग खरा आहे हे कागदाशिवाय ठरत नाही.

इथवरचं एकदा सांधून घेते: भारतातल्या लग्नातून वडिलांचं नाव आणि पलटण, पलटणीच्या कागदातून पॅरिश, आणि मग आयर्लंड.

आयर्लंडमध्ये पोचल्यावर जागेची उतरंड समजून घ्यावी लागते. सगळ्यात लहान तुकडा टाउनलँड. आपल्या मौजासारखा समजा, काही तर पाच-दहा घरांचे. असे साठ हजारांवर टाउनलँड आहेत. त्यांच्यावर सिव्हिल पॅरिश, म्हणजे सरकारी कामापुरती पॅरिश, मग परगणा. कॅथलिक पॅरिश मात्र वेगळीच, तिची हद्द सिव्हिल पॅरिशशी जुळेलच असं नाही, नावही वेगळं असू शकतं. सरकारी नोंदणीचा जिल्हा आणखी वेगळा, तो गरिबांसाठीच्या कायद्याखाली नेमलेल्या विभागावरून आलेला आणि कधी परगण्याची सीमा ओलांडणारा. म्हणून 'नाव बरोबर आहे पण जिल्हा दुसराच दिसतोय' म्हणून नोंद टाकून देऊ नका, नकाशा उघडा. जागांच्या नावांसाठी लॉगइनम हा सरकारी कोश फुकट आहे. आडनावं कुठे दाट होती आणि कुठल्या पॅरिशच्या वह्या कोणत्या सालापासून आहेत, यासाठी मी जॉन ग्रेनहॅम यांचं संकेतस्थळ रोज वापरते.

मर्फी कुटुंब त्या पॅरिशमध्ये खरंच होतं का, हे बघायला ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन आहे. १८४७ ते १८६४ या काळात अख्ख्या आयर्लंडच्या जमिनी-घरांची आकारणी झाली, तिच्या छापील याद्या फुकट उपलब्ध आहेत. तुम्ही सातबारा पाहिला असेल तर हा कागद वाचायला वेळ लागणार नाही: टाउनलँड, कूळ कोण, जमीनमालक कोण, क्षेत्र किती, आकार किती. फरक असा की यात मालक क्वचितच कसणारा असतो. घरातल्या बायकामुलांची नावं त्यात नसतात, आणि दुसऱ्याच्या आसऱ्याने राहणारा मजूर तर अजिबात नसतो. शिपाई झालेली पोरं पुष्कळदा अशाच मजुरांच्या घरची. तेव्हा ग्रिफिथमध्ये वडील नाहीत म्हणून पॅरिश चुकली असं ठरवू नका.

आता ती वही. नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने २०१५ साली हजाराहून जास्त कॅथलिक पॅरिशच्या वह्या, साधारण १८८० पर्यंतच्या, फुकट खुल्या केल्या. या मायक्रोफिल्मवरून घेतलेल्या काळ्या-पांढऱ्या प्रतिमा आहेत. पानं उलटायची आणि वाचायचं. ज्यांना सूची हवी त्यांच्यासाठी फाइंडमायपास्ट आणि अॅन्सेस्ट्रीवर ती आहे. कॉर्कबाबत एक खास गोष्ट: परगण्याचा दक्षिण-पश्चिम भाग आणि कॉर्क शहर हे कॉर्क आणि रॉस धर्मप्रांतात येतात, त्यांच्या बऱ्याच चर्चनोंदी वर सांगितलेल्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. उत्तर आणि पूर्व भाग क्लोइन धर्मप्रांतात येतो, त्याची सूची रूट्सआयर्लंडवर पैसे भरून मिळते. किलवर्थ क्लोइनमध्ये आहे. कितीतरी लोक फुकटच्या जागी 'मर्फी, कॉर्क' शोधतात, काही नसलं की निराश होतात, आणि मुळात अर्धा परगणा त्या शोधात नव्हताच हे त्यांना ठाऊक नसतं.

वहीतली ओळ कशी असते? वर महिना, डाव्या कडेला तारीख, मग नाव. काही पाद्री इंग्रजीत लिहायचे, काही लॅटिनमध्ये. लॅटिनमध्ये जेम्स हा जेकोबस होतो, विल्यम हा गुलिएल्मस, जॉन हा जोआन्नेस. त्यानंतर वडील, आई तिच्या माहेरच्या आडनावासकट, मग दोन साक्षी, म्हणजे बाळाचे धर्ममाता-धर्मपिता, आणि नशीब असेल तर टाउनलँड. तारीख बाप्तिस्म्याची असते, जन्माची नाही, पण तेव्हा बाळाला एक-दोन दिवसांतच चर्चमध्ये नेत. शाई पसरलेली असते, पानाची कड फाटलेली असते, आणि प्रत्येक पाद्र्याच्या हाताची एक लकब असते. मी नवीन वही उघडली की आधी मला हवं असलेलं नाव शोधत नाही, चार पानं नुसती वाचते. पाद्री 'एम' कसा काढतो, मर्फी लांबवतो की तोडतो, हे हाताला लागलं की मग शोधते. मोडी वाचणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

साक्षींची नावं सोडू नका. आत्या, मामा, चुलते हेच साक्षी असायचे. पाच भावंडांच्या नोंदी एकाखाली एक मांडल्या की साक्षींच्या आडनावांतून आईचं माहेर आणि वडिलांचे भाऊ उभे राहतात. दोन मर्फी कुटुंबं एकाच टाउनलँडमध्ये असतील तर त्यांना वेगळं करायला याहून चांगलं साधन मला सापडलेलं नाही.

आईवडिलांचं लग्न शोधताना वधूच्या पॅरिशमध्ये बघा, लग्न सहसा तिथे होई आणि पहिलं बाळंतपणही बऱ्याचदा माहेरी. लेंट म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या काळात कॅथलिक लग्नं होत नसत, जशी आपल्याकडे चातुर्मासात होत नाहीत. त्यामुळे त्याआधीच्या दिवसांत, म्हणजे साधारण फेब्रुवारीत, लग्नांची झुंबड उडायची आणि काही वह्यांमध्ये वर्षातली निम्मी लग्नं त्याच दोन-तीन पानांवर दिसतात. घाईत असाल तर तिथून सुरुवात करा.

समजा, ओळ सापडली. नाव बरोबर, वडिलांचं नाव बरोबर, पॅरिश बरोबर, साल एक-दोन वर्षांनी मागेपुढे. इथे बहुतेक लोक थांबतात आणि आनंद करतात. मीही एकदा थांबले होते. भुसावळच्या एका कुटुंबासाठी अशीच नोंद मिळाली, मी त्यांना कळवलं, त्यांनी ती चौकटीत लावून भिंतीवर टांगली. मी त्या नोंदीवरून मागच्या दोन पिढ्यांपर्यंत गेले. चार महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी १९०१ ची जनगणना चाळताना तोच मुलगा भेटला, त्याच टाउनलँडमध्ये, सत्तेचाळीस वर्षांचा शेतकरी, बायको आणि सहा मुलांसह. तो कधी पलटणीत गेलाच नव्हता. त्या कुटुंबाला फोन करून हे सांगणं मला फार जड गेलं. खरी नोंद पुढे शेजारच्या पॅरिशमध्ये मिळाली, पण तेव्हापासून मी सापडलेल्या प्रत्येक मुलाला आधी आयर्लंडमध्येच शोधते.

तुम्हीही तसंच करा. १८५३ ला बाप्तिस्मा झालेला तो मुलगा १८६४ नंतर आयर्लंडमध्ये मेला का, त्याचं तिथे लग्न झालं का, १९०१ किंवा १९११ च्या जनगणनेत तो आहे का? या दोन्ही जनगणना पूर्ण शिल्लक आहेत आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. शिवाय त्याच आईबापांना पुढे त्याच नावाचा दुसरा मुलगा झालाय का तेही बघा. झाला असेल तर पहिला लहानपणीच गेला असं जवळजवळ नक्की धरा, कारण गेलेल्या बाळाचं नाव पुढच्या बाळाला देत. कॅथलिक वह्यांत दफनाच्या नोंदी फारशा नसतात, त्यामुळे १८६४ च्या आधी गेलेल्या मुलाचा एवढाच मागमूस उरतो.

जनगणनेतल्या वयांवर मात्र विसंबू नका. १९०१ मध्ये ५८ वर्षांची असलेली बाई १९११ मध्ये ७१ ची दिसते. म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा १९०८ साली आला आणि सत्तरी गाठलेल्यालाच पेन्शन होती. जन्मदाखला कुणाकडे नव्हता. लोक वय सिद्ध करायला १८४१ आणि १८५१ ची जनगणना शोधायचे अर्ज करत, आणि गंमत अशी की जनगणना जळाली तरी त्या अर्जांतून काढलेले उतारे वाचले. तेही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आहेत. तुमच्या कुटुंबातली मागे राहिलेली बहीण किंवा भाऊ त्यात भेटू शकेल, तेव्हा ते बघाच.

धाकटी भावंडं तर सगळ्यात उपयोगाची. खापरपणजोबांचा सरकारी दाखला नसला तरी १८६४ नंतर जन्मलेल्या त्यांच्या भावंडाचा असेल, आणि त्यात आईचं माहेरचं नाव आणि टाउनलँड असतं. भावाबहिणींची लग्नं १८६४ नंतरची असतील तर त्यात वडिलांचं नाव आणि धंदा मिळतो, आईचं नाव मिळत नाही. वयाच्या जागी बऱ्याचदा नुसतं 'सज्ञान' लिहिलेलं असतं. जन्म ठराविक मुदतीत नोंदवायचा असे, उशीर झाला तर दंड. त्यामुळे आईबाप सरकारी वहीत जन्मतारीख पुढे ढकलत आणि बाप्तिस्मा जन्माच्या आधी झालेला दिसतो. तशी नोंद भेटली तर दचकू नका, चर्चची तारीख धरा.

आता ज्या गोष्टी माझ्या हातात नाहीत त्या. भरती होताना पोरं वय वाढवून सांगत आणि काही नावच बदलत, तेव्हा पलटणीतलं नाव खरं असेलच अशी खात्री मी देऊ शकत नाही. काही पॅरिशच्या वह्या उशिरा सुरू होतात, काहींत दुष्काळाच्या वर्षांत, १८४५ ते १८४९ मध्ये, नोंदी विस्कळीत आहेत. १८५३ त्या मानाने बरं साल आहे, पण आईबापांचं लग्न त्याच वाईट काळात पडू शकतं. आणि सगळं करूनही दोन उमेदवार उरतील, असंही होतं. तेव्हा दोघांची नावं लिहून ठेवायची, एक निवडायचा नाही.

पासपोर्टचंही विचारलंय. आजी किंवा आजोबा आयर्लंडच्या बेटावर जन्मलेले असतील तर परदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव घालून नागरिकत्व मिळू शकतं. तुमच्या आजी भारतात जन्मल्या, आयर्लंडचा जन्म त्यांच्या आजोबांचा. त्या वाटेने तुम्हाला नागरिकत्व मिळणार नाही. कुणी पैसे घेऊन मिळवून देतो म्हणालं तर देऊ नका.

डीएनए चाचणी करायचीच असेल तर स्वतःची करण्याआधी आजींची करा. त्या त्यांच्या आजोबांना तुमच्यापेक्षा दोन पिढ्या जवळ आहेत, त्यामुळे आयर्लंडमध्ये मागे राहिलेल्या भावंडांच्या वंशजांशी जुळणी होण्याची आशा त्यांच्या नमुन्यात कितीतरी जास्त. तुम्ही लिहिलंय की त्या ९१ वर्षांच्या आहेत. कागद शंभर वर्षं थांबलेत, अजून थांबतील, त्यामुळे या आठवड्यात आधी त्यांच्याजवळ बसा. त्यांच्या वडिलांची सगळी भावंडं, लहानपणी गेलेलीसुद्धा, जन्माच्या क्रमाने लिहून घ्या. आयरिश घरांत थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, थोरल्या मुलीला आईच्या आईचं आणि दुसरीला वडिलांच्या आईचं नाव द्यायची पद्धत होती. नेहमी पाळली जायचीच असं नाही, पण भारतात जन्मलेल्या पिढीतही मला ती पुष्कळदा दिसली आहे. त्या यादीतल्या थोरल्या मुलाचं नाव मला कळवा. किलवर्थ असो की दुसरं कुठलं गाव, वही उघडल्यावर वडिलांच्या जागी मी पहिल्यांदा तेच नाव शोधेन.